भाचीची केस

स्वयंपाकघरात दुधातली चकती खडखडायला लागली, तेव्हा कुठे आम्हा दोघांना कळलं, आपण केव्हाचे गप्प बसलोय. दूध उतू जाऊ नये म्हणून मामी पातेल्यात ती काचेची चकती टाकायची. एरवी ती वाजली की मामा आतल्या बाजूला तोंड करून म्हणायचे, "अगं, तुझा पुकारा झाला." त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. मामीनेच गॅस बंद केला असावा. चकती एकदोनदा अडखळली आणि थांबली.

"कोणाला द्यायची म्हणतेस?" मामांनी विचारलं.

"शिकलगार मॅडमना."

"तबस्सुमला." मामांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला. "बरं."

हे 'बरं' मी लहानपणापासून ओळखत होते. गणितात कमी मार्क पडले की हेच यायचं, आणि मामीने न विचारता भिशी लावली तेव्हाही हेच आलं होतं. त्यानंतर मामा कधी रागावत नसत. नुसते पेपर उघडून बसत आणि पान उलटायला विसरत.

माझ्या पर्समध्ये नवं वकीलपत्र होतं. एका वकिलाकडची केस दुसऱ्याकडे न्यायची तर पहिल्या वकिलाने त्यावर 'हरकत नाही' लिहून सही करावी लागते. शिकलगार मॅडमनी मला स्पष्टच सांगितलं होतं, सरांची सही आणा, त्यांच्या पाठीमागून मी या केसमध्ये येणार नाही. त्या सहा वर्षं मामांच्या हाताखाली शिकल्या होत्या. कराडच्या कोर्टात अजूनही मामा समोरून आले की त्या बोलणं थांबवून बाजूला होत.

मी तिसरीत असताना बाबा गेले आणि आई मला घेऊन माहेरी, कराडला आली. सायकल, गणित आणि भांडण ही तिन्ही मला मामांनी शिकवली. शाळेच्या दाखल्यावर नाव बाबांचं होतं. पण पालकसभेला काळा कोट घालून, कोर्टातून थेट, मामा यायचे. बाई घाबरून माझं कौतुकच करायच्या. अशा माणसासमोर बसून मी म्हणत होते, माझी केस तुमच्याकडून काढून घेते.

केस माझी म्हणजे उदयची, माझ्या नवऱ्याची. उदय उंब्रजजवळच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होता. कंत्राटावर. खो-खो हा त्याचा जीव. जिल्ह्याचे सामने आटोपून तो मोटारसायकलवरून घरी येत होता. उसाचे दिवस होते. हमरस्त्यावर उसाने भरलेली एक ट्रॉली धुरा मोडून उभी होती, ड्रायव्हर मेकॅनिक शोधायला गेलेला. मागे लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. निदान झाडाची फांदी तोडून टाकतात लोक, तीही नाही. अंधारात उदयला ती दिसली तेव्हा ब्रेक लावण्याइतकंही अंतर उरलं नव्हतं. उजवा गुडघा पार चुरडला. जुई तेव्हा दोन वर्षांची होती.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशीच पांढऱ्या शर्टातला एक माणूस कोरं वकीलपत्र घेऊन आला. मी कॉटच्या पायथ्याशी बसले होते, मामा खिडकीपाशी. तो माणूस फार गोड बोलत होता. आधी एक रुपया देऊ नका, सगळा खर्च आमचा, मिळेल त्यातला तिसरा हिस्सा द्या, म्हणाला. मामांनी त्याचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"पाय मोडला ह्यांचा," मामा म्हणाले. "कळा ह्यांना येतायत. रात्र रात्र जागतेय माझी भाची. आणि तिसऱ्या हिश्शाचे वाटेकरी तुम्ही? शेत आहे का हे, वाट्याने लावायला?"

तो माणूस गेला. मामांनी तिथेच जाहीर करून टाकलं की ही केस खटावकर वकील, म्हणजे ते स्वतः, चालवणार. मला केवढा धीर आला म्हणून सांगू. पुढे एकदा जेवताना मी हळूच फीचा विषय काढला, तर मामांचा घास हातातच राहिला. भाचीकडून पैसे घेऊ? उद्या म्हणशील जावयाकडून जेवणाचे घ्या. मामीने मला डोळ्यांनी दटावलं आणि नंतर ओट्याशी समजावलं. अधिक महिन्यात आम्ही तुम्हा दोघांना ताटात वाण द्यायचं, पाया पडायचं, आणि तुमच्याकडून फी घ्यायची होय गं? असं कुणी केलेलं ऐकलंयस?

ऐकलं नव्हतं. आमच्यात भाची आणि जावई यांच्याकडून घ्यायचं नसतं, द्यायचं असतं. मीही तो विषय पुन्हा काढला नाही. तिथेच आमची सगळ्यांची चूक झाली, पण ते कळायला फार दिवस गेले.

पहिलं वर्ष केस झपाझप चालली. अर्ज दाखल झाला, ट्रॉलीच्या विमा कंपनीला नोटीस गेली, त्यांनी उत्तर दिलं की मोटारसायकलवाल्याचीच चूक, उभ्या वाहनावर येऊन आपटला. मामांनी त्याला असं खणखणीत उत्तर लिहिलं की शेजारच्या टेबलांवरचे वकील वाचायला मागून घेऊन गेले. मग साक्षीपुराव्याची वेळ आली आणि केस जी बसली ती उठेचना. कधी मामांची कंबर धरली, कधी डॉक्टरांना सवड नव्हती, कधी मामांचं ब्लडप्रेशर वाढलं. आम्ही उंब्रजहून एसटीने यायचो, उदय काठी टेकत कोर्टाच्या पायऱ्या चढायचा, पुकारा व्हायचा, मामा उभे राहून तारीख मागायचे. विमा कंपनीला काय, बरंच होतं. आम्ही पुढची तारीख घेऊन परत.

दुसरा कुणी वकील असता तर मी विचारलं असतं. पैसे मोजलेला माणूस फोन करून विचारतो, साहेब, कुठवर आलं? मी काय विचारणार? मामा माझ्याकडून चहाचेसुद्धा पैसे घेत नव्हते. मी त्यांच्यासाठी अळूवड्या करून न्यायची आणि डबा हातात देताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. ते डबा घ्यायचे, जुईला गोळी द्यायचे आणि दुसरीकडे बघायचे.

तिकडे शाळेने उदयचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. धावता न येणारा खो-खोचा शिक्षक कोण ठेवून घेणार? तो घरच्या पुढच्या खोलीत मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेऊ लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गुडघ्याचं आणखी एक ऑपरेशन करता येईल, पाय बराचसा वाकेल. मात्र फार उशीर करू नका, सांधा आखडत चाललाय. त्या ऑपरेशनचे पैसे येणार ते या केसमधूनच. दुसरीकडून येण्यासारखे नव्हते. डॉक्टर दर वेळी गुडघा दाबून बघायचे आणि दर वेळी तो थोडा कमी वाकायचा.

मला केस पुढे सरकायला हवी होती आणि मामा होते तिथेच हवे होते. त्या दोन गोष्टी एका घरात बसत नाहीत असं दिसायला लागलं, तेव्हा मी एकटीच जाऊन शिकलगार मॅडमना भेटले. उदयला सांगितलं ते नंतर. तो एवढंच म्हणाला, "मामांना वाईट वाटेल." मी म्हटलं, मला नाही का वाटत?

तर आता मामा चष्मा हातात धरून बसले होते, आणि अंगणात जुई शेजारच्या मांजराला पकडायला कुंड्यांमधून फिरत होती.

"फी काय सांगितली तिनं?" मामांनी विचारलं.

मी सांगितली. ठरलेली रक्कम, तीन हप्त्यांत. साक्षीपुराव्याचा खर्च वेगळा.

"आणि टक्का?"

"टक्का नाही म्हणाल्या. निकालावर वाटा ठेवून काम करायचं नसतं असं सरांनीच शिकवलंय, म्हणाल्या."

मामांनी चष्मा घातला. चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू होतं की काय ते मला नीट कळलं नाही. "पण सांगितलीय जास्त," ते म्हणाले. "फोन लाव तिला. म्हणावं सर बोलावतायत, जेवण झालं की ये."

मॅडम आल्या तेव्हा दुपारचं ऊन ओसरीवर आलं होतं. हेल्मेट काढून त्यांनी खालीच ठेवलं, मामीच्या पाया पडल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. ती पूर्वी त्यांचीच खुर्ची, असं मामीने सांगितलं. चांगल्या खुर्चीत बस म्हटलं तरी हलल्या नाहीत. त्यांना वाटलं असावं, आता सर विचारणार, माझी केस कशी घेतेस. तशा तयारीने त्या ताठ बसल्या होत्या.

मामांनी सुरुवात केली ती फीपासून. वकीलपत्राचं नाव काढलं नाही. डॉक्टरांच्या साक्षीला किती वेळ जातो, कोर्टात किती खेपा होतात, अशिलाने फक्त शिकवण्यांवर संसार चालवलेला असताना त्याला काय परवडतं, सगळं एकेक करून त्यांच्यापुढे मांडत गेले. मी खाली मान घालून बसले. मंडईत मामांबरोबर वांगी घ्यायला जायचे तेव्हाही मला असंच व्हायचं.

"सर," मॅडम शेवटी म्हणाल्या, "तुम्ही आत्ता कोणाच्या बाजूने बोलताय?"

"मुलीच्या."

"मग मुलीच्या मामाने वकिलाची फी पाडायची नसते. वकिलाचं कामातलं लक्ष उडतं."

"तुझं नाही उडायचं."

"तुम्हीच सांगायचात, फी सांगताना नजर खाली करायची नाही आणि एकदा सांगितली की बदलायची नाही."

"ते दुसऱ्यांसाठी शिकवलं होतं," मामा म्हणाले. "माझ्यावर चालव म्हणून नाही."

मामी चहा घेऊन आली होती, तिलाही हसू आवरेना. शेवटी असं ठरलं की फी आहे तीच राहील. पण पहिला हप्ता आत्ता न देता डॉक्टरांची साक्ष झाल्यावर द्यायचा, आणि प्रत्येक पैशाची पावती मिळाली पाहिजे. पावती म्हटल्यावर मामी म्हणाली, हे कोण बोलतंय बघा, ह्यांनी जन्मात कुणाला पावती दिली नाही. मामा म्हणाले, मी द्यायचो नाही, पण मागणारा अशील मला आवडायचा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मागत जा. लाजू नकोस. फी दिलीस म्हणजे विचारायचा हक्क घेतलास."

मला वाटलं, झालं. पर्समधलं वकीलपत्र मी बाहेर काढून टेबलावर ठेवलं. मामांनी ते वाचायला घेतलं. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी वाचत राहिले.

तेवढ्या वेळात मॅडम माझ्याशी कामाचं बोलू लागल्या. डॉक्टरांची काळजी नाही, पंचनाम्यात दिवा नसल्याचं आलंय. सगळ्यात अवघड साक्ष आहे उदयसरांची. माणूस मानी आहे. कोर्टात विचारलं की छाती पुढे काढून 'जमतं जमतं' म्हणणार. तसं म्हणून चालणार नाही. काय जमत नाही ते त्यांनी सगळ्यांसमोर बोललं पाहिजे. मला तिथे त्यांचं कौतुक नकोय. त्यांचा पाय गेलाय हे मला न्यायाधीशांच्या गळी उतरवायचंय. डॉक्टर म्हणतील जवळजवळ अर्धा निकामी, कंपनी म्हणेल जेमतेम पाचवा हिस्सा.

"आणि मग तू वर ओढायचं, तो खाली ओढणार," मामा कागदावरून मान न उचलता म्हणाले. "पायाचा भाव करायचा."

"सर, दाव्यात तेच असतं."

"काय असतं ते मला सांगतेस?" मामांनी वकीलपत्र खाली ठेवलं. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "लोकांचे हात, पाय, डोळे, किती जणांचे भाव केले मी. घरी येऊन नीट जेवलोय. झोपलोय." ते उठले, खिडकीशी गेले आणि जुई कुठे आहे ते बघितल्यासारखं करून पुन्हा आमच्याकडे वळले. "वैजे, तुझ्या लग्नात तुझ्या बापाच्या जागी मी पाटावर बसलो होतो. आठवतं?"

मी मान हलवली.

"समोर ताम्हन. त्यात उदयचे पाय. तुझी मामी वरून पाणी घालत होती आणि मी धूत होतो. उजवा आधी. पोटरी अशी होती ह्याची, दगडासारखी. मी मामीला म्हटलंसुद्धा, पोरगा खेळाडू आहे, हिला काही कमी पडू द्यायचा नाही." मामा थांबले. "आता त्याला पिंजऱ्यात उभं करू आणि समोर उभा राहून सांगू कोर्टाला, हा पाय निकामी आहे, हा माणूस कामातून गेला? तो ऐकत असताना? दर तारखेच्या आदल्या रात्री बसून तयारी करायचो. पुकारा व्हायचा, हा काठी टेकत पुढे यायचा, आणि माझ्या तोंडून तारीखच निघायची."

मामी दारात उभी होती. तिला माहीत होतं हे तिच्याकडे बघून कळत होतं. ती हलकेच म्हणाली, "मी सांगत होते ह्यांना, पोरीला सांगून टाका. म्हणाले, तिला वाटेल मी पैसे घेत नाही म्हणून काम टाळतोय."

मॅडमनी पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं आणि टेबलावर मामांच्या बाजूला ठेवलं. मामा परत येऊन बसले. वकीलपत्राच्या कोपऱ्यात त्यांनी आपल्या सुबक अक्षरात 'हरकत नाही' लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. लग्नाच्या पत्रिकेवर नावं लिहितात तेवढ्या सावकाश.

"पहिला प्रश्न खो-खोचा विचार त्याला," ते मॅडमना म्हणाले. "एकदम दुखण्यावर जाऊ नकोस. आधी तो बोलता झाला पाहिजे."

मामांना काय काय सांगायचं ते मी एसटीत बसून मनाशी जुळवून आणलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. मी कपबशा गोळा केल्या आणि आत गेले. मामी माझ्या मागून आली. दोघी मोरीपाशी उभ्या राहून आम्ही त्या चार कपबशा कितीतरी वेळ विसळत राहिलो.

थंडी सरता सरता उदयच्या साक्षीची तारीख लागली आणि ती पुढे गेली नाही. त्या दिवशी मामा कोर्टात कोट न घालता आले. पांढरा सदरा, खांद्यावर मामीने विणलेली शाल. ओळखीचे वकील थांबून थांबून विचारत होते, सर, आज कोणत्या मॅटरमध्ये? मामा म्हणत होते, आज मी पाहुणा आहे, मुलीकडचा. त्यांना ते उत्तर इतकं आवडलं होतं की कुणी विचारलं नाही तरी सांगत होते. ठरलं असं होतं की साक्ष चालू असताना त्यांनी जुईला घेऊन बाहेर शेंगदाणेवाल्यापाशी थांबायचं. ती सोय त्यांनीच सुचवली होती. ती जुईपेक्षा त्यांच्यासाठी आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

उदय पिंजऱ्यात गेला. न्यायाधीश बाईंनी त्याला खुर्ची देऊ केली, त्याने नको म्हटलं, मॅडमनी डोळे वटारले, तेव्हा बसला. मॅडमनी खरंच खो-खोपासून सुरुवात केली. उदय बोलायला लागला. पोरांना खांबापाशी वळायला कसं शिकवायचं, सूर कुठे मारायचा, सगळं हातांनी दाखवू लागला. मग त्यांनी एकदम विचारलं, "आता दाखवता येतं का मुलांना?" तो थांबला. "नाही," म्हणाला. "तोंडी सांगतो." मग एकेक बाहेर आलं. खाली बसता येत नाही. उभं राहिलं की कळ येते. दुचाकी सुटली. मी त्याच्या काठीकडे बघत राहिले, तोंडाकडे बघवेना.

मग कंपनीचे वकील उठले. वयस्कर, सभ्य गृहस्थ होते, उदयशी 'सर सर' म्हणून बोलत होते. शिकवण्या घेता? घेतो. मुलं बरीच येतात? येतात. जिना चढता? कठड्याला धरून. उदय सावध उत्तरं देत होता, मॅडमनी शिकवल्याप्रमाणे, आणि मला जरा हायसं वाटायला लागलं होतं.

"घरात लहान मुलगी आहे ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"हो. जुई. पाच वर्षांची."

"लाडाची असेल. तिला उचलून घेता?"

उदयने मान वर केली. इतका वेळ आत ओढून धरलेले त्याचे खांदे एकदम सरळ झाले.

"घेतो," तो म्हणाला. "रोज."

कंपनीच्या वकिलांनी मान लववली आणि ते खाली बसले. पुढे विचारायची गरजच नव्हती. मॅडमचं पेन थांबलं होतं. त्याने खोटं नव्हतं सांगितलं. रोज संध्याकाळी शिकवणीची मुलं गेली की पुढच्या खोलीतून आवाज यायचा, डोळे मीट, विमान सुटलं, आणि जुईचं हसणं. मी आत भाकरी थापत असायची. हसणं थांबेपर्यंत मी कधी त्यांना जेवायला हाक मारली नव्हती.

मॅडम उठल्या. एकच प्रश्न विचारायची परवानगी मागितली.

"उदयसर, मुलीला कसं उचलता ते कोर्टाला सांगा."

न्यायाधीश बाई म्हणाल्या, सावकाश सांगा, घाई नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली.

"काठी बाजूला ठेवतो," तो म्हणाला. "भिंतीला पाठ लावून उभा राहतो. ती कॉटवर चढते. तिला डोळे मिटायला सांगतो. मग ती माझ्या गळ्यात हात टाकते आणि मी तिला धरून इकडे तिकडे डोलवतो."

"आणि तिचे पाय?"

"कॉटवरच असतात."

"म्हणजे तुम्ही तिला उचलत नाही."

"नाही," उदय म्हणाला. "तिला वाटतं, उचललं."

न्यायाधीश बाईंनी टायपिस्टला सांगायला सुरुवात केली, नेहमीच्या त्या सपाट आवाजात. मुलीचे पाय कॉटवर टेकलेले असतात. मी तिला उचलले, असे तिला वाटते. टायपिस्टने मध्येच थांबून विचारलं, मॅडम, 'वाटते' की 'भासवतो'? बाईंनी उदयकडे बघितलं आणि क्षणभर थांबून म्हणाल्या, "वाटते. साक्षीदार म्हणालेत तसंच राहू दे."

निकाल पुढच्या पावसाळ्यात लागला आणि बरा लागला. ऑपरेशन झालं, पाय बराचसा वाकतो आता. शिकलगार मॅडमनी ठरली तेवढीच फी घेतली, वर काही नाही. पावत्या मामांनी माझ्याकडून मागवून घेतल्या आणि चष्मा लावून तपासल्या. पुढल्या वर्षी आलेल्या अधिक महिन्यात आम्हाला जेवायला बोलावलं. ताटाखाली वाण होतं, आणि उदयने आता पाटावर बसून दाखवलं तेव्हा मामी आत निघून गेली. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी मी डोळे पुसून मागे वळले, तर दाराच्या चौकटीत मामा उभे होते. बाबांना बघायचं म्हणून जुईने हट्ट धरला असणार, आणि जुईपुढे मामांचं कधी काही चाललं नव्हतं. एका हाताने त्यांनी तिला कडेवर घेतलं होतं. दुसऱ्या हाताच्या पंजाने तिचा एक कान गच्च झाकून धरला होता. दुसरा कान उघडाच राहिला होता, कारण तिसरा हात नव्हता त्यांना.

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. शाल खांद्यावरून ओघळली होती, मामांनी ती सावरलीही नाही. मागून काठीचा आवाज येत होता, एका पायरीवर थांबत, पुन्हा येत. उदय जुईला हाक मारत होता, हसत होता, एक हात आधीच पुढे केलेला होता त्याने. जुईने त्याच्याकडे बघितलं, मग मामांच्या कडेवरूनच माझ्याकडे झुकली, माझ्या मानेत हात घातला आणि कोर्टात हळू बोलायचं असतं असं आम्ही शिकवलं होतं म्हणून अगदी कानाशी येऊन हळू विचारलं,

"आई, मग रोज मला उचलतं कोण?"